वेस्टगेट आतला, वेस्टगेट बाहेरचा

सर, तुम्ही माझ्या बापाला गाढव म्हणालात. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही, तेवढे हुशार तुम्ही आहातच. गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिनातून जळक्या ऑइलचा निळा धूर येत होता, आणि माझा बाप तुमच्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन उभा होता. तुम्ही गिलास घेतला, पाणी प्यायलात, रिकामा गिलास त्याच्याच हातात परत दिलात आणि मग मला म्हणालात, "योगेंद्र, डिझाइन कसं पाहिजे? फूलप्रूफ. म्हणजे गाढवाचा हात लागला तरी बिघडणार नाही असं." हसलातसुद्धा. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडावर कसं आलं ते मला अजून समजलं नाही. टाचणी टोचल्यावर बेडकाचा पाय हलतो, तसं ते हललं. बाप हसला नाही. त्यानं गिलास उपडा केला, उरलेला थेंब जमिनीवर पडू दिला, आणि ज्या हातात गिलास होता त्या हाताकडे बघत राहिला. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की गावभर तुमचीच चर्चा होईल, आणि ती तुम्हाला आवडेल.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुमच्या कामापुरतं माहीत आहे. वरठीत स्टेशनच्या रस्त्याला माझं सायलेन्सर-वेल्डिंगचं दुकान. कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांच्या फटफट्या माझ्याकडे खोकत येतात आणि गुपचूप जातात. शाळा बारावीत सुटली, पुढचं सगळं मोबाइलवर बघून शिकलो, इंग्रजी कळत नव्हतं तर हाताकडे बघून शिकलो. एक जुनी आठशे सीसीची कार घेतली, तीन सिलिंडरची, आणि नागपूरच्या भंगारातून एका डिझेल पिकअपचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे काय हे मी माझ्या बायकोला, टीनाला, असं समजावलं होतं: इंजिनाचा धूर फुकट बाहेर जातो, त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद, जास्त धूर, म्हणून पंखा आणखी जोरात, म्हणून आणखी हवा. "मंग हे थांबते कुठी?" टीनानं विचारलं होतं, पोळी लाटता लाटता. तुमच्या कॉलेजातल्या पोरांनी वर्षभरात असा प्रश्न विचारला असेल तर मला कळवा. हे थांबतं वेस्टगेटवर. दाब ठरल्यापेक्षा वाढला की धुराचा काही भाग पंख्याला न लागता बाजूनं निघून जावा, म्हणून मुद्दाम ठेवलेलं भोक, आणि त्या भोकावर स्प्रिंगचं झाकण.

आता माझ्यासमोर दुकानाच्या जमिनीवर, पोत्यावर, दोन मॅनिफोल्ड पडले आहेत. इंजिनातला धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा तो मॅनिफोल्ड. एक बिडाचा, ओतीव, आखूड, जाड, एखाद्या म्हशीच्या जबड्यासारखा. तो तडकत नाही, उष्णता धरून ठेवतो, धुराला थोडं कोंडतो, पण कुरकुर करत नाही. तो लावला तर टर्बोच्या पोटातलाच वेस्टगेट वापरायचा. भोक आत, झाकण आत, बाहेरून दिसते ती फक्त एक सळई. दुसरा मी बनवलेला. पोलादी पाइप कापून, वाकवून, तिन्ही नळ्या सारख्या लांबीच्या, तीन बोटं एका मुठीत यावी तशा एकत्र आणलेल्या, आणि जिथं त्या मिळतात तिथून एक चौथी नळी तिरपी काढलेली, तिच्यावर बाहेरचा वेस्टगेट. ती तिरपी काढण्यात माझा उन्हाळा गेला. सरळ काटकोनात काढली तर धूर वळत नाही, भोक उघडं असूनही पंख्याकडेच धावतो आणि दाब चढत राहतो. धुराला आपल्या चालीनं जाता येईल असं तोंड द्यावं लागतं. हा मॅनिफोल्ड जोडावर तडकू शकतो, मला ठाऊक आहे, तापला की लाल होतो आणि लांबतो. पण इंजिन त्याच्यातून श्वास घेतं. बाहेरच्या वेस्टगेटचं तोंड मी उघड्या हवेत सोडलं होतं, जमिनीकडे वळवून. दाब भरला की ते किंचाळायचं. पहिल्यांदा किंचाळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि माझ्या बापाच्याही आला असणार, पण वेगळ्या कारणानं.

तुमची अट तुम्ही जाताना सांगून गेलात, गाडीच्या काचेतून. बिडाचा लाव, गेट आतला वापर, म्हाताऱ्याला दूर ठेव, नवतपा, हे नऊ दिवसांचं कडक ऊन, संपला की परत दाखव. मग शिफारशीच्या कागदावर सही. सही झाली की तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदतनिसाची जागा, पंखा, पगार, पोरांना शिकवायला मिळणार. मला ती जागा पाहिजे. खोटं कायले बोलू? मला इतकी पाहिजे की तुमच्या गाडीमागची धूळ बसेपर्यंत मी मनात बिडाचा मॅनिफोल्ड कसून मोकळा झालो होतो.

माझा बाप तुलाराम, करडीचा ढिवर. वैनगंगेवर डोंगा चालवला, तळ्यात जाळं टाकलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की माझ्याकडे येतो, दुकानात जुन्या टायरवर बसतो, पाना मागितला की पाना देतो. तो सध्या त्याच टायरवर बसला आहे. हात मांड्यांखाली दाबून. तुम्ही गेल्यापासून तो हात असेच ठेवतो. सकाळी जागेश्वर आला, कारखान्यातला, त्याच्या फटफटीचा सायलेन्सर मधोमध फुटलेला. "का बे योगू, तुही आठशे विमानतळावर उतरली म्हनतेत ना?" "उतरली ना. तुहा सासराच होता पायलट." "हे फटफटी तरी नीट कर, मंग टर्बो-बिर्बो. तुलारामकाका, तुमी धरा ना जरा हे पाइप, हा काय एकटाच करन?" बाप उठला नाही. मांडीखालचे हात अजून आत सारून म्हणाला, "नाही रे बाप्पा. मी नाही हात लावत. बिघडते." जागेश्वर हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मी काच डोळ्यांवर ओढली आणि वेल्डिंगची ठिणगी पाडली. काचेमागं सगळं काळं होतं, मधे हिरवा ठिपका, आणि त्या ठिपक्यात मला डोंगा दिसला. उपडा घातलेला, काठावर, उन्हात. बाप त्याच्या बुडाला गाल लावून पडलेला. गळती शोधायची त्याची ही रीत. डोळ्यांनी फट दिसत नाही, पण ओल मुरलेली फळी गालाला गार लागते. तिथं खडूची खूण करायची नाही, बोट ठेवून उठायचं, दुसऱ्या हातानं चिंधी घ्यायची, डांबरात बुडवायची, छिन्नीनं ठोकत ठोकत आत बसवायची. वरून गुळगुळीत. पुन्हा हात फिरवला तर कुठं बुजवलं ते त्यालाही सापडू नये. आणि हे काम केल्यावर कोणाला सांगायचं नाही. जेवायच्या आधी हात धुतले हे कोणी सांगत फिरतं का? दुसऱ्याचा डोंगा गळताना दिसला तरी ढिवर तो बुजवून ठेवतो, मालक येतो, बसतो, निघून जातो, दोघांत शब्द होत नाही.

तसंच त्यानं केलं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी भंडाऱ्याला ऑइल आणायला गेलो होतो. त्याआधी गाडी पळवून बघितली होती, आणि ते किंचाळणं त्यानं ऐकलं होतं. फळीतून पाणी शिरताना बारीक आवाज येतो, आणि त्या आवाजावर त्याचं अख्खं आयुष्य गेलं. साहेब येणार, पोराची गाडी गळती, पोराची इज्जत जाईल. त्यानं इंजिन गार होऊ दिलं. माझ्या रॅकवरची सायलेन्सरच्या सांध्यात भरायची, उष्णता सोसणारी दोरी घेतली, बाहेरच्या वेस्टगेटच्या तोंडाच्या मापाचा गजाचा तुकडा शोधला, दोरी गुंडाळली, सायलेन्सरचा लेप लावला आणि ठोकून बसवला. सर, मी रोज हेच काम करतो, आणि तो बोळा काढायला मला छिन्नी आणि घाम दोन्ही लागले. तो चुकला. मी त्याची बाजू घेऊन लबाडी करणार नाही. तांत्रिक बाजूनं तुमचं बरोबर होतं. झाकण उघडलं, धुराला वाट मिळाली नाही, दाब चढत गेला, हवा-पेट्रोलचं मिश्रण अवेळी पेटलं आणि मधल्या पिस्टनच्या टाळूला भोक पडलं. मी ते पिस्टन हातात धरून बघितलं, कडा वितळून गोल झालेल्या.

पण तुम्ही एक गोष्ट विचारली नाही. टर्बो भंगारातून आणला तेव्हा त्याच्या पोटात आतला वेस्टगेट होताच. बाहेरचा लावायचा ठरवला म्हणून आतल्याचं झाकण मीच वेल्डिंगनं कायमचं बंद केलं. बाप शेजारी टॉर्च धरून होता. "हे कायचं भोक?" त्यानं विचारलं. मी काच न काढता सांगितलं, "याच्यातून जोर वाया जाते बाबा. बुजवून टाकतो." त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं होतं, ते त्याच्या ओळखीचं होतं. मग त्याच यंत्राला दुसरीकडून तसाच वारा सुटताना त्यानं बघितला, तर त्यानं काय करावं? त्यानं माझंच काम पुढं नेलं. आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही कोणापुढं काढणार नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. दाबाचा काटा खुणेच्या पुढं गेला, किंचाळी आली नाही, मी पाय काढला. आणि तुम्ही म्हणालात, "सोडू नको, दाबून धर, बघू दे किती जाते." मी तुमच्या आवाजावर पाय परत ठेवला. माझा पाय, माझी गाडी, माझा कान, आणि मी तुमचं ऐकलं. हे मी बापाला सांगितलं, परवा, त्याचं मन हलकं व्हावं म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "त्याईले काय मालूम रे, मी आतून बुजवलं म्हून." तुमची बाजू त्यानं एका वाक्यात घेतली. तुम्हाला त्याची अर्धी तरी घेता आली असती.

दुपारी दुकानाचा पत्रा इतका तापला की आतली हवा जाड झाली. टीना मागच्या खोलीतून ताट घेऊन आली. बापासमोर ठेवलं. "मामाजी, जेवा." त्यानं ताटाकडे बघितलं. "मीठ घेऊ का यातलं?" त्यानं विचारलं. मीठ ताटातच होतं, त्याच्याच ताटात. टीना माझ्याकडे आली, बोलली ते दातांतून. "पाहून राहिले ना? सकाळी नळ सुरू होता, बादली वाहून राहिली होती, मामाजी बाजूले उभे. मी म्हनलं बंद करा ना, तं म्हनतेत, बंद कराचा का? पक्का बंद कराचा? मले रडू आलं." "मंग मी काय करू?" "ते आतलं लावा अन् मोकळे व्हा. सायबाची सही घ्या. एकदा ते भोक दिसलंच नाही तं मामाजीही विसरतीन. दिसते म्हून डोक्यात फिरते." "अन् त्याले वाटन ना, त्याच्यासाठी लपवलं म्हून?" "वाटू द्या. तुमाले इंजिन पाह्यजे का बाप पाह्यजे?" "दोन्ही." "मंग लावा ते म्हशीचं थोबाड," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत आत गेली. ती चूक नव्हती. मी तिच्यासाठी तेव्हा एक वाईट शब्द वापरला, ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मी बिडाचा उचलला. गार होता, त्या उन्हातही पोटाशी धरला तर बरं वाटलं. बसवून बघितला. बोल्ट बिनतक्रार गेले. त्याला काही सांगावं लागत नव्हतं, तो जसा ओतला तसा बसत होता, आणि मला वाटलं, मीही आता असाच होणार. तुमच्या वर्कशॉपात पांढऱ्या कोटात, जसा ओतला तसा. पोरं विचारतील सर हे भोक कशाला, मी सांगेन, पुस्तकात बघा. मग टर्बो शिकंज्यात धरला आणि आतल्या झाकणावरचं माझं वेल्डिंग कापायला ग्राइंडर सुरू केला. ते वेल्डिंग चांगलं झालं होतं, माशाच्या खवल्यासारखं एकावर एक. तेव्हा बापानं त्यावर अंगठा फिरवून म्हटलं होतं, "माह्याहून साफ." माझ्या आयुष्यात त्यानं माझ्या कामाबद्दल बोललेलं एवढंच. ग्राइंडरखाली ते उडत होतं, माझ्या मनगटावर चटके बसत होते. मला ते पाहिजे होते. मला वाटत होतं, चकती फुटावी, तुकडा यावा, काहीतरी व्हावं, म्हणजे मला ठरवायला लागू नये. पाइपाचा मॅनिफोल्ड पोत्यावर तीन बोटं वर करून पडला होता. तो लावला तर तोंड पुन्हा उघड्यावर येणार, बापाच्या डोळ्यांसमोर किंचाळणार, आणि प्रत्येक वेळी मला त्याच्या हातांकडे बघावं लागणार. मी त्याच्या हातांवर पहारा ठेवणार की काय? आणि बिडाचा लावला तर पहाऱ्याची गरजच नाही, त्याच्या हातांचीच गरज नाही. दोन्हीकडून मी त्याला तेच सांगत होतो जे तुम्ही सांगितलं, फक्त तुमचं लोखंड वेगळं, माझं वेगळं.

बाप उठून जवळ आला. आला तोही हात पाठीमागं धरून, जसं पोट्टे प्रदर्शनात फिरतात. ग्राइंडर थांबेपर्यंत थांबला. "हे आतलं म्हनते ते?" "हो बाबा." "म्हंजे आता माह्या हातानं नाही बिघडनार?" मी चकतीवरची पूड पुसली. "बरं झालं," तो म्हणाला. टोमणा नव्हता, सर. मी त्याच्या तोंडात टोमणा शोधला, देवाशप्पथ शोधला, असता तर मला आधार झाला असता. तो खरोखर सुटल्यासारखा दिसत होता. मग म्हणाला, "मी संध्याकाळच्या गाडीनं करडीले जातो. इथी तुमाले तरास." मी म्हटलं, जा, दोन दिवस नदीवर फिरून या, डोंगा उन्हात वाळला असेल, एकदा बघून घ्या. "डोंगा दादाजीले देला," तो म्हणाला. दादाजी त्याचा जोडीदार, शेजारचाच. "फोन केलता त्याले. घेऊन जाय म्हनलं." मी ग्राइंडर हातातून सोडलाच. "काहून? कायले देला? मले विचारलं?" मी ओरडत होतो, रस्त्यावरचे बघायला लागले. टीना दारात आली. बाप माझ्या ओरडण्यापासून मागं सरला नाही, जवळ आला, आणि आवाज बारीक करून, जसं डॉक्टरला खासगी दुखणं सांगतात तसं म्हणाला, "योगू, मी त्या डोंग्यात लोकाईले बसवतो ना. बाया असतेत, लेकरं असतेत. मले एक सांग. डोंग्यात पानी येते तं ते भोक बुजवाचंच असते ना रे? का तेथंही कोनं काही हिशेबानं ठेवलं असन, अन् मी आजपावतर बुजवत राहिलो?"

मी म्हणालो, "बुजवाचंच असते, बाबा. डोंग्याचं बुजवाचंच असते." तीनदा म्हणालो. टीनानं त्याचा दंड धरला, "मामाजी, असं काय बोलून राहिले?" त्यानं मान हलवली, मला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी. "तू म्हनतं ते ठीक आहे," तो म्हणाला. "पन तुले यातलं किती मालूम. त्या साहेबाले विचारून पाह्य."

मी मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा ढिले केले आहेत. बिडाचा काढून ठेवला, पाइपाचा लावला नाही. इंजिनाची तिन्ही तोंडं उघडी आहेत, त्यात धूळ जात आहे, जाऊ दे. गाडी मी आणणार नाही आणि सही मला नको, निदान आज नको, उद्याचं मला सांगता येत नाही. मी इतका धड माणूस नाही. बाप खांबाला टेकून संध्याकाळच्या गाडीची वाट बघत आहे, आणि त्याला माझा शब्द चालत नाही, तुमचाच पाहिजे. म्हणून सर, तुम्हाला विचारतो, आणि फिरवाफिरवी न करता सांगा. डोंग्यात पाणी शिरत असेल तर तुलाराम ढिवरानं ते भोक बुजवावं की नाही? हो की नाही? मला चिठ्ठी लिहू नका, फोन करू नका. इथं या, त्याच्यासमोर उभे राहा, त्याच्या हातांकडे बघा, आणि उत्तर द्या.